चला, पुन्हा सहकुटुंब रेसकोर्सवर

वरळीच्या बीडीडी चाळींत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना सुट्टीच्या सकाळची रेसकोर्सची फेरी आठवत असेल. आजोबा पुढे, मुलं मागे, आई-मावशी गप्पा मारत मधे. डॉ. ई. मोझेस रोडने चालत महालक्ष्मीला जायचं, मैदानाच्या कडेने फेरी मारायची, घोडे बघायचे आणि चालतच घरी यायचं. खर्च शून्य. एकशे साठ फुटांच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला तेवढंच मोकळं आकाश मिळायचं.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि हक्काची साप्ताहिक सुट्टीही गेली. कुणी सिक्युरिटीत लागलं, कुणी हाऊसकीपिंगमध्ये, बायका घरकामाला लागल्या. सगळं घर एका वेळी मोकळं असणं दुर्मिळ झालं. मग टीव्ही आला, मोबाईल आला आणि फेरी बंद पडली ती पडलीच.

आम्ही वस्तीत रक्तदाब आणि साखर तपासतो, तेव्हा याचा परिणाम समोर दिसतो. पूर्वी साठीत दिसणारा मधुमेह आता पस्तिशी-चाळिशीत दिसतो. आपल्या भारतीय लोकांना फारसं वजन न वाढताही तो होतो. पोटाचा घेर वाढला की धोका वाढतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत या दुखण्याने त्यांना किती छळलं, हे आपण जाणतो. त्यांची जयंती थाटात करणाऱ्या समाजाने हा आजार अंगावर काढणं बरं नव्हे.

गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या घ्यायच्याच. पण चालण्याचं काम गोळी करत नाही. आपण चालतो तेव्हा पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. रक्तदाब उतरायला मदत होते, झोप लागते, मन हलकं होतं. मोठ्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं भरभर चालावं आणि मुलांनी रोज तासभर खेळावं-पळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरभर म्हणजे किती? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागला पाहिजे.

धम्माला हे नवं नाही. तथागतांनी पंचेचाळीस वर्षं गावोगाव पायी चारिका केली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते.

म्हणून आम्ही ही फेरी पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे. रविवारी सकाळी साडेसहाला विहारापाशी जमायचं आणि वंदनेच्या वेळेपर्यंत परत यायचं. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल शर्यतींचा हंगाम असतो, त्यामुळे त्या दिवशी प्रवेश आहे का, हे आदल्या दिवशी गेटवर विचारून घ्यायचं. घोडे सरावाला असतात तिथे लहानांचा हात सोडायचा नाही.

काही भगिनी विचारतात, "ताई, ती मोठ्या लोकांची जागा, आपल्याला कुणी हटकलं तर?" हा प्रश्न पायाइतकाच मनाचा आहे. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव कागदावर आधीच झाला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे चालत जावं लागलं. हक्क वापरला तरच राहतो. रेसकोर्सच्या जमिनीचा जुना भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि आता तिथली १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी ठरली आहे. फाटक कुठे असावं, शौचालय, पाणी, म्हाताऱ्यांना बसायला बाक किती असावेत, हे ठरेल तेव्हा तिथे चालणाऱ्यांत आपण दिसलो नाही, तर आपली गरज कुणाच्या ध्यानात येणार?

चाळी पाडून चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. घर मोठं झालं याचा आनंदच आहे; पण चाळीची गॅलरी गेली, लिफ्ट आली. चालणंही कमी होणार आणि शेजाऱ्याची भेटही. ही फेरी दोन्ही सांभाळेल.

निघताना एवढं लक्षात ठेवा:

• मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी किंवा चपलेवर येऊ नये. साडीवर कॅनव्हासचे बूट चालतात, लाजू नका. घरी आल्यावर तळपाय तपासा, जखम दिसली तर लगेच दाखवा.

• इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. खिशात साखरेची पुडी ठेवा. दरदरून घाम, थरथर, चक्कर आली तर थांबा आणि साखर खा.

• छातीत दुखलं, दडपण आलं, दम आवरेना, तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करायला सांगा.

• गुडघे दुखतात त्यांनी अर्धीच फेरी करावी. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

• एका रविवारने १५० मिनिटं भरत नाहीत. इतर दिवशी रात्रीच्या जेवणानंतर जांबोरी मैदानाभोवती पंधरा-वीस मिनिटं चाला.

आणि एक विनंती पुरुषांना: रविवारचा सकाळचा चहा-नाश्ता तुम्ही हातात घ्या, म्हणजे घरातली बाईही वेळेवर निघेल. ती चुलीपाशी राहिली तर फेरी सहकुटुंब कशी होणार?

नमो बुद्धाय, जयभीम.