मोटर फिरते, पण पाणी का येत नाही?

चैत्राचे ऊन तापले आहे. ऊस पाण्यावाचून माना टाकू लागला आहे. तुम्ही विहिरीवर जाता, बटण दाबता. मोटर घूं घूं करीत फिरते. पण पाटात पाण्याचा थेंब नाही!

शेजारी म्हणतो, "दादा, मोटर गेली तुमची. न्या तालुक्याला." मग मोटर उतरवायची, गाडीत घालायची. चार दिवस जातात. पैसे जातात. आणि पुष्कळदा मोटरीत काही बिघाड नसतोच. बिघाड असतो नळीत, नाहीतर खाली पाण्यात.

पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे पाणी वर ढकलते ती हवा! हवेला वजन आहे. ती विहिरीतल्या पाण्यावर दाब देते. पंपातला पंखा फिरला की तो आतले पाणी बाहेर फेकतो. तिथला दाब कमी होतो. मग बाहेरची हवा विहिरीतले पाणी नळीतून वर चढवते. पोर शहाळ्यात नळी घालून पाणी पिते, तसेच हे. नळीला भोक पडले की पोराच्या तोंडात नुसती हवा येते. पंपाचेही तेच. पंखा पाणी फेकू शकतो, पण हवा हलकी, ती त्याला नीट फेकता येत नाही. म्हणून सुरू करण्याआधी पंप आणि नळी पाण्याने काठोकाठ भरावी. कोरडा पंप फिरवू नये.

आता तपासणी. आधी मेन स्विच बंद करा. फ्यूज काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कोणी चुकून बटण दाबणार नाही. हात कोरडे हवेत. रात्रीची वीज असेल तर एकटे जाऊ नका.

पंपात पाणी भरा आणि थोडे थांबा. पाणी खाली खाली जाते का? जात असेल तर फूटवाल पाणी सोडतो आहे. हा फूटवाल नळीच्या तळाशी असतो. तो पाण्याला वर येऊ देतो, माघारी जाऊ देत नाही. त्यात काडी, पाला, खडा अडकतो, किंवा आतला वॉशर झिजतो. नळी वर घ्या, जाळी साफ करा, वॉशर पाहा. नवा वॉशर थोडक्यात येतो. मोटर भरायची म्हटली तर कितीतरी पट खर्च!

पाणी जागच्या जागी राहते, पण पंप सुरू केला की थोडे येते आणि तुटते? मग कुठून तरी हवा शिरते आहे. नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. दुसऱ्याला पंप सुरू करायला सांगा. जिथे फेस आत ओढला जाईल, तिथे भोक आहे. तिथले पॅकिंग बदला. ग्लँडही पाहा. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळले पाहिजे. काहीजण तेवढेही नको म्हणून ग्लँड करकचून आवळतात. मग आतली दोरी जळते आणि दांडा कापला जातो.

एकदा एका भाच्याने मामाला बोलावले. "मामा, फूटवाल नवा, पॅकिंग नवे, तरी पाणी येईना!" मामाने दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. पंपापासून पाण्यापर्यंत अठरा हात भरले. म्हणजे २७ फूट. मामा म्हणाला, "पोरा, पंपाचा काही दोष नाही. पाणीच खाली गेलंय."

हवेच्या दाबालाही मर्यादा आहे. टॉरिचेल्ली नावाच्या इटलीतल्या शास्त्रज्ञाने १६४४ साली एका पत्रात हे लिहून ठेवले. समुद्रकाठी हवा पाणी फार तर ३४ फूट चढवते. देशावर त्याहून दोनेक फूट कमी. त्यात नळीतले घर्षण. म्हणून २० फुटांवर पंपाचा भरवसा धरू नये. भाच्याने विहिरीतल्या ओट्यावर पंप उतरवला. तासाभरात पाट वाहू लागला! पाण्यात बुडणाऱ्या मोटरीला मात्र हा नियम नाही. ती खालून पाणी ढकलते.

पंप खाली उतरवा, पण डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. त्याचा धूर विहिरीत साठतो. त्यातल्या एका विषारी वायूला वास नसतो. माणूस बेशुद्ध होतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो.

तारा बदलल्यावर पाणी कमी झाले, तर मोटर उलटी फिरत असेल. पंपावर बाणाची खूण असते, ती पाहा. वायरमनने दोन तारांची अदलाबदल केली की काम झाले. आणि मोटर फिरतच नाही, नुसती गुरगुरते, तर लगेच बंद करा. तीनपैकी एका तारेत वीज नाही. तशीच चालू ठेवली तर काही मिनिटांत मोटर जळेल, आणि मग खरोखरच तालुक्याची वाट धरावी लागेल.