एक वीत माती

२०१५च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेले अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा २७ जानेवारीला आग्र्याला ताजमहाल पाहायला जाणार होते. तो बेत रद्द झाला आणि ते दिल्लीहून थेट रियाधला गेले. चार दिवसांपूर्वी, २३ जानेवारीला, सौदी अरेबियाचे राजे अब्दुल्ला वारले होते आणि नव्या राजांना भेटून सांत्वन करायचं होतं. भारतानेही २४ तारखेला एक दिवसाचा दुखवटा पाळला, तिरंगा अर्ध्यावर आणला. रियाधमध्ये मात्र ध्वज उतरला नाही. त्यावर कलमा लिहिलेला आहे, त्यामुळे तो राजाच्या मृत्यूलाही खाली घेत नाहीत. दफन तर निधनाच्या दिवशीच, दुपार कलल्यावरच्या अस्रच्या नमाजनंतर झालं होतं. शहरातल्या अल-ऊद नावाच्या सार्वजनिक कब्रस्तानात, नाव नसलेल्या कबरीत. जगातलं सर्वांत प्रसिद्ध थडगं ज्या राजासाठी राहून गेलं, त्याच्या कबरीपाशी पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

अल-ऊदमध्ये असे सहा राजे आहेत. राज्य स्थापन करणारे अब्दुलअझीझ १९५३ साली इथे आले. त्यांच्यामागून त्यांचे पाच मुलगे आले: अथेन्समध्ये वारलेले सौद, १९७५मध्ये पुतण्याच्या गोळीला बळी पडलेले फैजल, मग खालिद, फहद आणि अब्दुल्ला. भोवती रियाधची सामान्य माणसं. कबरीला चुना लावू नये, तिच्यावर बसू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, असं सांगणारी हदीस प्रसिद्ध आहे. आणि मातीचा उंचवटा किती असावा, तर एक वीत, असं धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. पाऊल पडू नये इतपत ओळखू यावी, एवढ्यासाठीच ती वीत. ही गोष्ट राजाच्या साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्यात राजाचं कौतुक करण्याचं कारण मला दिसत नाही. त्या एका वितीने शेजारच्या कबरीचं रक्षण होतं, हे तिचं खरं मोल. विजापूरचा गोल घुमट आठवा. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशाहावर आणि त्याच्या कुटुंबीयांवर सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट उभा आहे. तो बघताना छाती दडपते, आणि बांधणाऱ्यांच्या हाताला तोड नाही. पण त्या घुमटाखाली कोणा कोष्ट्याला जागा मिळणं शक्य नव्हतं. थडगं वर चढलं की ते आडवंही पसरतं. चौथरा येतो, मग बाग, मग भिंत आणि दरवाजा. जिथे उंचीच एक वीत, तिथे राजाला आपल्या अंगापुरतीच जमीन मिळते आणि कब्रस्तान सर्वांचं राहतं.

ही समानता ग्रंथात लिहून ठेवली म्हणून आपोआप होत नाही, ती दर दफनाला हातांनी करावी लागते. अंघोळ, शेवटच्या पाण्यात कापूर, पुरुषाला न शिवलेली तीन पांढरी कापडं, मग उभ्याने जनाज्याची नमाज. इथवरचं सगळं झटपट होतं. खरं काम खड्ड्यात आहे. सरळ खाली खोदून झालं की कबर खोदणारा मक्केकडच्या भिंतीत, अगदी तळाशी, आडवा कोनाडा कोरतो. त्याला लहद म्हणतात, आपल्याकडे बगली. देह त्या कोनाड्यात उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून ठेवायचा. वाहून आणताना कफन सुटू नये म्हणून डोक्याशी आणि पायांशी गाठी मारलेल्या असतात. खाली उतरलेला माणूस त्या गाठी सोडतो. या गाठींपाशी मन अडतं. इतका वेळ जो देह बांधून, सावरून आणला, तो आता कुठेच न्यायचा नाही, हे ती सुटलेली गाठ सांगते, आणि राजाच्या कफनालाही तीच गाठ असते. मग कोनाड्याचं तोंड कच्च्या विटांनी बंद होतं, फटींत चिखल भरला जातो, म्हणजे वरून लोटलेली माती अंगावर पडत नाही. जमलेले लोक तीन-तीन मुठी माती टाकतात. मराठीत ‘मूठमाती’ म्हणतो ती इथे अक्षरशः मुठीने दिली जाते. बाकीचा खड्डा फावड्याने भरतो, वर पाणी शिंपडलं जातं आणि एक वीत उंचवटा उरतो. कोनाड्याचं माप देहाच्या लांबीवरून ठरतं, हुद्द्यावरून ठरत नाही.

साधी कबर हवी असं एखाद्या राजाने म्हणून भागत नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ वारलेल्या औरंगजेबाचा देह खुलताबादला शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे कबर उघडी, वर नुसती माती. पुढे निजामाच्या काळात तिच्याभोवती संगमरवरी जाळी आलीच. मेलेल्याचा शब्द जिवंतांना बांधत नाही. अल-ऊदमध्ये टिकतं ते एकाच्या इच्छेवर अवलंबून नाही, सगळ्यांना लागू असलेल्या रिवाजावर आहे.

यावर पहिला आक्षेप असा की जन्मभर महालात राहिलेल्या माणसाला मेल्यावर मातीत निजवून काय साधलं? जिवंतपणीची विषमता त्याने तसूभरही कमी होत नाही, हे खरं आहे. पण मरणानंतरही शतकानुशतकं चालणारी विषमता तरी तिथे थांबते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. याच तत्त्वाच्या नावाने सौदी सत्तेने मदिना ताब्यात आल्यावर, १९२६च्या सुमारास, तिथल्या जन्नतुल बकी या कब्रस्तानातले घुमट पाडले. पैगंबरांचे नातू हसन यांच्यासारख्यांच्या कबरी तिथे होत्या. जगभरचे, भारतातलेही मुसलमान त्याने दुखावले आणि शिया समाजाची ती जखम आजही भरलेली नाही. स्वतःच्या कबरीवर वीट न चढवणं हा संयम आहे; दुसऱ्यांनी श्रद्धेने चढवलेली वीट पाडणं ही जबरदस्ती. एकाच मताच्या पोटी दोन्ही आली, म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही. नाव नसेल तर घरच्यांनी ओळखायचं कसं, असंही विचारतात. त्याला बकीमधलंच उत्तर आहे. पैगंबरांचे सहकारी उस्मान इब्न मझऊन यांच्या कबरीच्या उशाशी, ती ओळखू यावी म्हणून, पैगंबरांनी स्वतः एक दगड ठेवल्याची हदीस आहे. अक्षरं नसलेला दगड घरच्यांना पुरतो.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. सौदी अरेबियात कबरींच्या भेटीसाठी स्त्रियांना सहसा कब्रस्तानात जाऊ देत नाहीत. राजा आणि रंक यांच्यातली भिंत जिथे पडली, तिथे बाई आणि पुरुष यांच्यातली फाटकावरच उभी आहे. स्त्रियांनाही तिथेच पुरतात. त्यांच्या कबरीही एक वीतच उंच असतात, आणि त्यांच्या लेकींना तो उंचवटा जवळून पाहता येत नाही.