विमानतळावर संपणारी जबाबदारी

आखाती देशांत परांचीवरून पडून मेलेल्या मजुराची निदान नोंद तरी होते. डोक्याला मार लागून जिवंत परतलेल्याचे काय? हातपाय शाबूत, म्हणून तो धडधाकट दिसतो; पण नावे आठवत नाहीत, जीभ अडखळते, क्षणात संताप येतो. घरचे देवऋषी गाठतात. ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूची इजा आहे!

दहावी न झालेल्या कामगाराला तिकडे जाण्यापूर्वी प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. २०१७ च्या योजनेत अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी १० लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मेंदूची इजा हा स्वतंत्र प्रकारच नाही. मग प्रमाणपत्र कोणत्या रकान्यात मागायचे? दूतावासाच्या कल्याण निधीतून अडलेल्याला परतीचे तिकीट मिळते. त्यानंतरचे महिनोन् महिन्यांचे व्यायामोपचार, वाचा-उपचार कोण देणार?

जखमीच्या सोबत्यांना आमचे सांगणे आहे : तिथल्या इस्पितळाचे कागद, सी. टी. स्कॅन घेतल्याशिवाय त्याला विमानात बसवू नका. हिशेब चुकता झाल्याच्या कागदावर अंगठा उठवू देऊ नका. आणि शासनाला आमचा सवाल आहे : परकीय चलन पाठवणारे हात देशाचे, तर फुटलेले डोके कोणाचे?