वस्तू, अवकाश आणि प्रभाकर बरवे

स्थिरचित्र हा प्रकार महाराष्ट्रातील कलाशिक्षणात सर्वपरिचित आहे. शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने फळे, भांडी व वस्त्रे यांची मांडणी समोर ठेवून ती रंगविण्याचा सराव विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी केला. या परिचयामुळेच एक गैरसमज रूढ झाला. स्थिरचित्र म्हणजे हाताला वळण लावणारा अभ्यास, स्वतंत्र विचार व्यक्त करण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी नाही, अशी ती समजूत होय. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची चित्रे तिची फेरतपासणी करावयास लावतात.

बरवे यांचा जन्म तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील नागाव येथे झाला. गणेशमूर्तींसाठी ख्यात असलेले पेण आणि शिल्पकार विनायकराव करमरकर यांचे सासवणे ही स्थळे याच जिल्ह्यातील. करमरकर हे बरवे यांच्या आप्तांपैकी होत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षण १९५९ मध्ये पूर्ण केल्यावर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी पत्करली. त्या निमित्ताने वाराणसीत झालेल्या वास्तव्यात त्यांचा तांत्रिक प्रतिमांशी परिचय झाला व त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांवर त्याचा ठसा उमटला. पुढे मात्र ते रूढ प्रतीकांकडून नित्याच्या वस्तूंकडे वळले. पान, फळ, शिंपला, घड्याळ ही त्यांच्या चित्रांची सामग्री झाली.

या वळणाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी स्पेनमधील एका पूर्वसूरीचे स्मरण उपयुक्त ठरते. हुआन सांचेझ कोतान (१५६०–१६२७) याने सुमारे १६०२ मध्ये रंगविलेल्या एका चित्रात खिडकीच्या दगडी चौकटीत एक बिही व एक कोबी दोऱ्याने टांगलेली आहेत. खाली कापलेले खरबूज व काकडी आहे. मागे निखळ काळोख आहे. वस्तू स्वयंपाकघरातील असल्या, तरी त्यांच्यामधील रिकामी जागा वस्तूंइतकीच बोलकी आहे. १६०३ मध्ये कोतानने कार्थुसियन मठाची वाट धरली, हे ध्यानी घेता या रित्या काळोखाला काही अभ्यासक आध्यात्मिक अर्थ देतात. तो अर्थ मान्य असो वा नसो, साध्या वस्तूंच्या द्वारा अवकाशाचा विचार करता येतो, एवढे या चित्रावरून निश्चित सिद्ध होते.

तथापि कोतानच्या चित्रात चौकट आहे, प्रकाशाची एक दिशा आहे, वस्तूंना वजन आहे. बरवे यांनी हे आधार बहुतांशी काढून घेतले. त्यांच्या वस्तूंखाली मेज नसते. त्यांचे परस्परप्रमाण व्यवहारातील नसते. छाया अनेकदा वस्तूपासून सुटून स्वतंत्र आकार धारण करते. एनॅमल रंगाच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे कुंचल्याचा फटकाराही फारसा जाणवत नाही. परिणामी प्रेक्षक वस्तूच्या हुबेहूबपणाचे कौतुक करीत थांबत नाही; या वस्तू एकत्र का आल्या, त्यांच्यामधील अंतर कसले, असा प्रश्न त्यास पडतो. स्थिरचित्रात मांडणी ही चित्राची पूर्वतयारी असते. बरवे यांच्या ठिकाणी मांडणी हाच चित्राचा विषय होतो.

या प्रक्रियेचे चिंतन त्यांनी आपल्या दैनंदिन्यांतून आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या ग्रंथातून मराठीत केले. चित्रकाराने स्वतःच्या निर्मितीविषयी इतक्या सातत्याने मराठीत लिहिल्याची उदाहरणे विरळ आहेत. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात चित्रांसोबत या दैनंदिन्यांनाही स्थान मिळाले, ते यथार्थच होय.

बरवे यांना स्थिरचित्रकार म्हणावे काय? समोरील वस्तूंचे यथातथ्य चित्रण हीच त्या प्रकाराची व्याख्या मानल्यास उत्तर नकारार्थी येईल. वस्तू आणि अवकाश यांच्या संबंधाचा शोध हे त्याचे मर्म मानल्यास मात्र बरवे यांनी ती परंपरा सोडली नाही, तर तिच्यातील मूळ प्रश्न अधिक स्पष्ट केला, असे म्हणावे लागते. कलाशाळांतील अभ्यासक्रमाने या दुसऱ्या व्याख्येची दखल घेतल्यास विद्यार्थ्याचे लक्ष घड्याच्या चकाकीबरोबरच घडा व फळ यांमधील रिकाम्या जागेकडेही वळेल.