पुढच्या चाकाखालची खडखड

जुनी मोटार विकत घेतली की तिच्याबरोबर बहुधा एखादा आवाजही घरी येतो. डांबरी सडकेवर गाडी गप्प असते. गावच्या खडीच्या रस्त्याला लागली, की चालवणाऱ्याच्या पायापाशी कुठेतरी ठक् ठक् सुरू होते. मेस्त्री म्हणतात, “शॉकअप गेले.” शॉकअप बदलतात. आवाज तसाच! मग बुश बदलतात, मग आणखी काही. खिसा हलका होतो, खडखड मात्र राहते. तेव्हा भाग बदलण्याआधी या आवाजाचे घर कसे शोधावे, ते आज पाहू.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे अगदी शेवटच्या गाडीनेही आता दहा वर्षे ओलांडली आहेत.

हिच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा खांब असतो. त्या खांबातच शॉकअप, आणि भोवती स्प्रिंग. खांबाचे वरचे टोक बॉनेटखाली रबरी बैठकीत बसते. तिला माउंटिंग म्हणतात. खाली एक आडवा हात असतो, तो लोअर आर्म. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश, बाहेरच्या टोकाला बॉलजॉइंट. बॉलजॉइंट म्हणजे वाटीत बसवलेली गोळी, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. शिवाय दोन्ही बाजूंना जोडणारा एक वाकडा पोलादी गज असतो. तो वळणावर गाडीला फार कलू देत नाही. पण या गाडीत त्याच्यावर दुसरेही काम टाकले आहे. आर्मला पुढेमागे सरकू न देणे, हेही तोच करतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, आवाज जिथून येतो तिथे बघावे, झाले! पण मोटारीचा पत्रा म्हणजे मोठा डबाच. एका कोपऱ्यात टिचकी मारली तर दुसरीकडे वाजते. डावीकडचा ठोका उजवीकडे ऐकू येतो. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी वहीत टिपून ठेवा. गुरुजींना हे सांगायला नकोच.

प्रथम डिकीतला जॅक आणि पाने बाहेर काढा, बॅटरीची पट्टी घट्ट आहे ना ते हलवून पाहा. हसू नका, पुष्कळ खडखडी इथेच मिटतात. मग त्याच खराब रस्त्यावरून सावकाश जाताना ब्रेकवर पाय हलकाच टेकवा. आवाज थांबला तर ब्रेकचे पॅड आपल्या जागी सैल वाजत असण्याचा संभव आहे, शॉकअपचा दोष नाही. उलट, ब्रेक दाबताच एक ‘ठक’ आणि गाडी सुटताना पुन्हा एक ‘ठक’ येत असेल, तर त्या वाकड्या गजाचे किंवा आर्मचे बुश पाहा; रबर झिजल्याने आर्म पुढेमागे आदळतो. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवले आणि ‘टंग’ असे वाजले, तर बॉनेट उघडून दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग फिरवायला सांगा व माउंटिंगवर तळहात ठेवा. दोष तिथे असेल तर हाताला धक्का कळतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत मात्र बोटे घालू नका. आणि पूर्ण वळवून गाडी चालवताना कट्कट् येत असेल, तर तो चाकाला शक्ती देणाऱ्या दांड्याचा सांधा आहे. त्याचा या खात्याशी संबंध नाही.

यानंतर चाक उचलून पाहावे. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, मागच्या चाकांना दगड लावलेले हवेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे लावावेत. अधांतरी चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचे बेअरिंग ढिले. तरीही राहिला तर बॉलजॉइंटकडे पाहा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर बहुधा टायरॉडचा सांधा. बॉलजॉइंटची खात्री करायची तर आर्म आणि चाकाचा कणा यांमध्ये टॉमी घालून हळू उचलून पाहा. गोळी वाटीत वरखाली हलताना दिसली, तर गाडी त्याच दिवशी उभी करा. बाकीचे आवाज त्रासाचे, हा जिवाचा. गोळी वाटीतून निसटली तर चाक आडवे पडते आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. रबरी टोपी फाटून आत चिखल गेला, की हा सांधा झपाट्याने झिजतो. आपल्या पावसाळी रस्त्यांवर टोपीकडे नजर ठेवलेली बरी.

करकर करणाऱ्या बुशावर थोडे पाणी ओतून बघा. घटकाभर आवाज बदलला, तर जागा सापडली. पण तेल किंवा डिझेल मारू नका. पावसाळ्यानंतर गाडीखाली डिझेल-ऑइल फवारण्याची रीत आपल्याकडे फार आहे. पत्र्याला तिचा उपयोग होत असेल, रबर मात्र तेलाने फुगते आणि सडते.

आणि नवे बुश घालूनही खडखड परत येते, ती का? पुष्कळदा कारण असे, की गाडी उचललेली असतानाच आर्मचे बोल्ट करकचून आवळलेले असतात. गाडी खाली उतरली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकरच फाटते. तेव्हा मेस्त्रींना सांगा, “दादा, बोल्ट आधी नुसते धरवा. चाके जमिनीवर टेकवून, गाडी दोनचार वेळा दाबून सोडा आणि मग आवळा.” खांब किंवा आर्म उघडला असेल तर चाकांची अलाइनमेंटही करून घ्या, नाही तर नवे टायर एका कडेने खाल्ले जातील. मग ज्या खडीच्या रस्त्यावर आवाज टिपला होता, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, काचा खाली करून एक फेरी मारून या.