हाताला कळेल इतकं अंतर

जुलै 2025 मध्ये डॉ. सुधीर श्रीवास्तव यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या इर्काड संस्थेत बसून इंदूरमधल्या रुग्णाच्या हृदयाच्या पडद्यातलं छिद्र बंद केलं. रोबो होता भारतीय बनावटीचा ‘एसएसआय मंत्र’. स्ट्रासबुर्ग ते इंदूर सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. कौतुक झालं ते या आकड्याचं, आणि ते रास्तही होतं. पण उज्जैनच्या रामघाटापासून तेच इंदूर जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर आहे, आणि या तंत्राचं पुढचं पाऊल अशाच लहान अंतरावर पडेल असं मला वाटतं. कारण आहे स्पर्श.

स्ट्रासबुर्गचं नाव या इतिहासात आधीही येतं. 7 सप्टेंबर 2001 रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कहून तिथल्या एका महिलेचं पित्ताशय काढलं. संदेश जाऊन चित्र परत यायला सरासरी 155 मिलिसेकंद लागत. ‘झ्यूस’ नावाच्या त्या रोबोकडून हाताला मात्र काहीच कळत नसे. दोरा किती ताणला, ऊती किती दबली, हे सर्जननं डोळ्यांनी ताडायचं. अनुभवी माणसाला ते जमतं. पण शिकणाऱ्याचा दोरा तुटतो, नाहीतर टाका ऊतीला कापतो. जाणवणारा दाब हाताकडे परत पाठवणाऱ्या ‘दा विंची 5’ला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2024 मध्ये, आणि तिथे सर्जन सहसा त्याच खोलीत असतो.

दुरून स्पर्श पाठवणं इतकं अवघड का? चित्र उशिरा आलं तर माणूस थांबतो, सावकाश काम करतो. दाब उशिरा आला तर हात तोवर आणखी खोल गेलेला असतो. मग प्रतिकार एकदम येतो, हात मागे ढकलला जातो, तो धक्का पलीकडे पोहोचतो, आणि दोन्ही टोकं थरथरू लागतात. त्यात सुई असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. सुभासिस चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. स्पर्शाची नोंद सेकंदाला हजार वेळा होते. प्रत्येक नोंद वेगळ्या पाकिटात पाठवली तर जाळं पाकिटांवरच्या पत्त्यांच्या ओझ्यानंच भरतं. म्हणून वाटेत गर्दी वाढली की अनेक नोंदी एकाच पाकिटात बांधायच्या आणि वाट मोकळी झाली की पुन्हा सुट्या सोडायच्या, अशी रीत त्यांनी बसवली. दुसरी युक्ती म्युनिकच्या संशोधकांनी वापरली, तिचा आधार माणसाची त्वचाच आहे. एक किलोच्या पिशवीत दहा ग्रॅम वाढले तर हाताला कळत नाही. मग न जाणवणारा बदल पाठवायचाच कशाला? यंत्राची रचना माणसाच्या जाणिवेवरून ठरवण्याची ही पद्धत मला या क्षेत्रातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

या संशोधनात स्पर्शासाठी धरलेली मर्यादा कडक आहे: एका दिशेनं जायला 30 मिलिसेकंद. काचतंतूत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर जातो. म्हणजे स्ट्रासबुर्ग–इंदूर अंतराला नुसत्या प्रकाशालाच 33 मिलिसेकंद लागतात. प्रकाश काचेतूनच जाणार असेल तर कितीही पैसा ओतला तरी ही वेळ कमी होणार नाही. उलट रामघाट ते इंदूर हा प्रवास अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत होतो. जानेवारी 2025 मध्ये गुरुग्रामहून जयपूरला, 286 किलोमीटरवर, अशीच शस्त्रक्रिया झाली तेव्हा विलंब 35 ते 40 मिलिसेकंद होता. त्यात प्रकाशाचा वाटा अगदी थोडा. उरलेला वेळ कॅमेरा, चित्राचं आकुंचन, राउटर आणि पडदा यांचा. तो मात्र कमी करता येतो.

2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. रामघाटावर लोटणाऱ्या गर्दीत पोटदुखीनं कळवळणाऱ्या यात्रेकरूला इंदूरला नेण्याऐवजी इंदूरच्या तज्ज्ञाचा हात उज्जैनला आणता येईल. सुरुवात शस्त्रक्रियेनं नको; दूरसोनोग्राफीनं व्हावी, कारण तिथे प्रोब किती दाबायचा यावर बरंच अवलंबून असतं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याची बंधनं पाळून, आतापासून चाचण्या घेऊन हे करता येईल. अशी यंत्रं घेणाऱ्यांनी विक्रेत्याला किलोमीटर विचारू नयेत. स्पर्श किती मिलिसेकंदांत पोहोचतो आणि भर गर्दीत, मोबाइलचं जाळं तुंबलेलं असताना तो किती डगमगतो, हे लेखी मागावं.