जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

१९८२ साली अमेरिकेत बाजारात आलेला, अवघ्या ६४ किलोबाइट स्मृतीचा कमोडोर ६४ हा घरगुती संगणक नित्य व्यवहारातून केव्हाच बाद झाला असला, तरी त्यास पुन्हा कार्यक्षम करण्यात आपली फुरसत आनंदाने खर्ची घालणारे हौशी लोक आजही युरोप-अमेरिकेत आहेत. यंत्र हाती येताच ते सुरू करण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. कारण त्याच्या मूळ वीजपुरवठ्याच्या पेटीतील नियामक जीर्ण होऊन निकामी झाला, की पाच व्होल्टांहून अधिक दाब आत शिरतो आणि स्मृतीच्या चिपांचा कायमचा नाश होतो. म्हणून आधी मल्टिमीटरने दाब तपासावा, किंबहुना ती पेटीच बदलावी, हा या छंदाचा पहिला दंडक होय. पडदा काळाच राहिला, तर स्मृतीच्या चिपांवरून हलकेच बोट फिरवावे. जी चटका देते ती बहुधा सदोष. तिचा डाख वितळवून ती काढावी, जागी सॉकेट बसवून नवी चिप लावावी, आणि इच्छा असल्यास मंदगती फ्लॉपी ड्राइव्हऐवजी एसडी कार्ड वाचणारे उपकरण जोडावे. ज्या यंत्राचा एकेक घटक असा पारखता येतो, ते संगणकशास्त्राचे प्रत्यक्ष पाठ्यपुस्तकच असल्याने, भंगारात काढण्यापूर्वी ते जाणत्याच्या हवाली करावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.